अरगट : कणसावरची बुरशी आणि बाळंतिणीचं इंजेक्शन

बाळंतपण झालं, बाळ रडलं, वार पडली, तरी रक्त थांबत नाही. अशा वेळी लेबर रूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सिस्टर, मेथर्जिन द्या." फ्रीजमधून एक इवलीशी काचेची कुपी निघते. त्यातलं औषध असतं जेमतेम ०.२ मिलिग्रॅम. ते टोचल्यावर काही मिनिटांत सैल पडलेली गर्भपिशवी आवळायला लागते. पोटावर ठेवलेल्या हाताला ते स्पष्ट कळतं. आधी भिजवलेल्या कणकेसारखी लागणारी पिशवी क्रिकेटच्या चेंडूसारखी टणक होते आणि रक्त थांबतं. बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना आम्ही "सगळं ठीक आहे" एवढंच सांगतो.

या औषधाचं शास्त्रीय नाव मिथाइल-अर्गोमेट्रीन. त्या नावात मधोमध 'अर्ग' हे दोन अक्षरांचं तुकडं आहे, तिकडे डॉक्टरांचंही सहसा लक्ष जात नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी बाजरी पिकत असेल तर तुम्हाला मात्र हा शब्द ओळखीचा वाटेल. बाजरीच्या कणसावर पडणारा 'अरगट' तो हाच. काही भागांत त्याला 'साखऱ्या' म्हणतात. पिकाची नासाडी करणारी एक बुरशी आणि बाळंतिणीचा जीव वाचवणारं इंजेक्शन यांचं गोत्र एकच आहे. या दोन टोकांच्या मधे हजारेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा भाग भयंकर आहे.

आधी ही बुरशी करते काय ते पाहू. युरोपात ती मुख्यतः राय नावाच्या धान्यावर येते. (ही राय म्हणजे फोडणीतली राई नव्हे. गव्हाच्या जातकुळीतलं, थंडी सोसणारं, हलक्या रेताड जमिनीतही येणारं हे धान्य आहे.) पीक फुलोऱ्यात असताना बुरशीचे बीजाणू फुलावर उतरतात आणि परागकण ज्या वाटेनं आत जायचे त्याच वाटेनं आत शिरतात. फुलाला वाटावं पराग आला, आणि आत यावी बुरशी. ज्या फुलात दाणा भरायचा तिथे बुरशीची वाढ होते. थोड्या दिवसांनी कणसातून मधासारखे गोड, चिकट थेंब पाझरू लागतात. आपल्याकडचं 'साखऱ्या' हे नाव त्यावरूनच पडलं. त्या थेंबांवर किडे येतात, पाऊस उडतो आणि बीजाणू शेजारच्या फुलांवर पोचतात. शेवटी दाण्याच्या जागी एक काळपट, कडक, शिंगासारखा कोंब तयार होतो. फ्रेंच माणसांना तो कोंबड्याच्या पायामागच्या नखीसारखा दिसला. त्यांच्या भाषेतल्या नखीच्या शब्दावरूनच 'अरगट' आला. हा कोंब जमिनीवर पडतो, हिवाळा काढतो आणि पुढच्या हंगामात नेमका फुलोऱ्याच्या वेळी त्याला टाचणीएवढ्या छत्र्या फुटून पुन्हा बीजाणू उडतात.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. एकदा फुलात पराग पोचला की बुरशीला आत शिरायला वाव उरत नाही. फुलोऱ्यात सतत ओल आणि गारवा असला की पराग नीट उडत नाही, फुलं जास्त दिवस उघडी राहतात आणि बुरशीचं फावतं. त्याच ओल्या, गार वर्षी एकूण पीकही कमी येतं. म्हणजे ज्या वर्षी धान्यात विष जास्त, त्याच वर्षी घरात धान्य कमी. काळे दाणे निवडून टाकायची चैन परवडत नाही, आणि काढणी झाल्या झाल्या, बुरशी ताजी असतानाच, भुकेली माणसं भाकरी भाजायला बसतात.

इ.स. ८५७ मध्ये ऱ्हाइन नदीकाठच्या झान्टेन इथल्या एका इतिवृत्तात एका साथीची नोंद आहे. माणसांच्या अंगावर फोड आले, अवयव सडले आणि मरणाआधीच गळून पडले, असा तिचा मथितार्थ. साथ कशाची ते लिहिणाऱ्याला कळणं शक्यच नव्हतं. पुढच्या शतकात पॅरिसच्या आसपास, मग नैर्ऋत्य फ्रान्समधल्या अक्विटेनमध्ये अशाच साथी आल्या. ९९४ सालच्या अक्विटेनमधल्या साथीत चाळीस हजार माणसं गेली असं जुने लेखक सांगतात. त्या काळचे आकडे मी फार मनावर घेत नाही, पण गावंच्या गावं उजाड झाली असावीत हे मानायला हरकत नाही.

लोकांनी या रोगाला 'पवित्र अग्नी' म्हटलं, नंतर 'संत अँटनीचा अग्नी'. नाव काव्यात्म वाटेल, पण ते लक्षणावरून आलं होतं. आधी हातापायांना मुंग्या येत. मग आत निखारा ठेवल्यासारखी आग होई, आणि गंमत अशी की वरून हात लावला तर पाय बर्फासारखा गार. यात गूढ काही नाही. अरगटमधली रसायनं रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू आवळून धरतात. बोटांपर्यंत रक्तच पोचत नाही, म्हणून त्वचा गार. आणि रक्ताविना तडफडणाऱ्या मज्जातंतूंची आग. हे आवळणं सुटलं नाही तर बोटं निळी पडत, मग काळी, मग वाळलेल्या लाकडासारखी. अशी बोटं, पंजे, कधी अख्खा पाय, रक्ताचा थेंबही न सांडता गळून पडे.

मध्य आणि पूर्व युरोपात याच विषाचं दुसरं रूप जास्त दिसे. तिथे अवयव सडण्यापेक्षा झटके येत, हातपाय वाकडे होत, अंगावर मुंग्या धावल्यासारखं वाटे, माणसं भ्रमिष्ट होत. एकाच बुरशीचे असे दोन अवतार का? बुरशीच्या जातींतला फरक, लोकांच्या जेवणातलं दूधदुभतं, अशी बरीच कारणं मांडली गेली. मला तरी त्यातलं एकही पूर्ण पटलेलं नाही.

अकराव्या शतकात संत अँटनीच्या अस्थी मानले गेलेले अवशेष कॉन्स्टँटिनोपलहून आग्नेय फ्रान्समधल्या एका खेड्यात आणले गेले. तिथे रोग्यांची रीघ लागली. १०९५ च्या सुमारास तिथेच सेवा करणाऱ्यांचा एक संघ स्थापन झाला, अँटनाइन भिक्षूंचा. हळूहळू युरोपभर त्यांची शेकडो इस्पितळं उभी राहिली. भिक्षूंच्या झग्यावर 'टी' अक्षरासारखा निळा क्रूस असे. ते जखमांना डुकराच्या चरबीचं मलम लावत, संतांच्या अवशेषांवरून ओघळवलेली वाइन पाजत, सडलेले अवयव कापून काढत. आणि रोग्याला जेवायला देत.

माझ्या मते खरं औषध त्या जेवणात होतं. घरची काळी भाकर सुटून इस्पितळाचा चांगला पाव पोटात जायला लागला की विषाचा पुरवठा तुटे. ज्याचा पाय अजून काळा पडला नव्हता त्याच्या रक्तवाहिन्या सैल होत आणि आग शमे. लांबून पायी चालत आलेल्या यात्रेकरूला तर वाटेतच बरं वाटू लागत असेल. श्रेय संतांना गेलं, आणि बरा झालेला माणूस गावी परतून तीच भाकर खाऊ लागला. अवयव कापून जगलेल्यांचं पुढे काय झालं असेल याची कल्पना करा. शेतमजूर होता, आता एक पाय नाही.

या भिक्षूंच्या आयझेनहाइम इथल्या मठासाठी मथियास ग्र्यूनवाल्ड नावाच्या चित्रकारानं १५१२ ते १५१६ च्या दरम्यान एक भव्य वेदीचित्र रंगवलं. ते आज फ्रान्समधल्या कोल्मार शहरात संग्रहालयात आहे. त्यातला क्रूसावरचा ख्रिस्त पाहून पहिल्यांदा अंगावर काटा येतो. सगळी कातडी व्रणांनी भरलेली, बोटं वाकडी ताठरलेली. दुसऱ्या एका फळीवर डाव्या कोपऱ्यात सुजलेल्या पोटाची, अंगभर फोड आलेली एक आकृती पडली आहे. अनेक अभ्यासक तिला या रोगाचा रुग्ण मानतात. मठात आलेल्या रुग्णांना या चित्रापुढे नेत. देवाचंही अंग आपल्यासारखंच झालंय हे पाहून त्यांना काय वाटत असेल?

तुम्ही विचाराल, रोज जे धान्य हातात घ्यायचे त्यातला काळा कोंब या लोकांना दिसला नाही का? दिसत होता. पण तो पिढ्यान्पिढ्या दिसत होता. रायच्या कणसाला एखाददुसरी काळी नखी असायचीच, तो पिकाचाच भाग, अशी समजूत होती. शिवाय एकाच गावात एकच पीठ खाणाऱ्या दोघांपैकी एक आजारी पडे आणि दुसरा नाही. भाकर तर जगवते. तिच्यावर संशय कोण घेणार? आम्हा डॉक्टरांचंही असंच होतं. रुग्ण जे रोज खातो ते तो सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही.

सतराव्या शतकात फ्रान्समधल्या काही वैद्यांनी अखेर बोट ठेवलं. १६७६ मध्ये दनी दोदार यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वतीनं लिहिलेल्या पत्रात हातपाय सडण्याचा संबंध अरगट मिसळलेल्या रायच्या पावाशी जोडला. सोलोन्य हा फ्रान्सचा दलदलीचा, गरीब भाग. तिथले लोक रायवरच जगत. या धान्यानं अंगावर पाजणाऱ्या बायकांचं दूध आटतं, अशीही नोंद दोदारनी केली. ती ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल. पण कारण कळलं म्हणून साथी थांबल्या नाहीत. त्यानंतरही शंभर-दीडशे वर्षं लोक मरत राहिले. ज्याच्याकडे दुसरं धान्य नाही त्याला 'हे खाऊ नका' सांगून उपयोग काय? साथी ओसरल्या त्या मुख्यतः बटाटा आणि गहू गरिबाच्या ताटात आल्यावर. काळी नखी म्हणजे मुळात एक बुरशी, आणि तो चिकट थेंब, ती नखी, ती टाचणीएवढी छत्री ही एकाच जिवाची तीन रूपं, हे लुई रने त्युलान यांनी १८५३ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे दोदारच्या पत्रानंतर पावणेदोनशे वर्षांनी.

हे सगळं मध्ययुगातलं म्हणून सोडून देऊ नका. १९२६-२७ मध्ये रशियात झटक्यांच्या प्रकारची साथ आली, अकरा हजारांहून जास्त लोक आजारी पडले. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये मध्य युरोपातून आलेल्या, रायचा पाव खाणाऱ्या सुमारे दोनशे ज्यू स्थलांतरितांना हातापायांना मुंग्या आणि गारठा जाणवू लागला. शेजारचे गव्हाचा पाव खाणारे इंग्रज ठणठणीत होते. १९७७-७८ मध्ये इथिओपियाच्या वोल्लो भागात शेतात माजलेल्या जंगली ओटवरचं अरगट धान्यात मिसळलं आणि माणसांचे पाय काळे पडले. (अमेरिकेतल्या सेलम गावी १६९२ मध्ये चेटकिणी म्हणून लोकांना फाशी दिलं, त्यामागे अरगटच होतं, असा लेख तुम्ही कदाचित वाचला असेल. १९७६ मध्ये मांडलेली ती अटकळ आहे आणि त्याच वर्षी तिचं साधार खंडनही झालं. शेजाऱ्याचा काटा काढायला माणसाला बुरशी लागत नाही.)

आता आपल्या भाकरीकडे येऊ.

बाजरीवरचं अरगट हे त्याच कुळातल्या पण वेगळ्या जातीच्या बुरशीचं. बाजरीच्या फुलात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात आणि पराग नंतर उडतो. मधले काही दिवस फूल उघडं, वाट पाहत असतं. त्याच दिवसांत ढगाळ हवा आणि रिमझिम लागली की साखऱ्या पडलाच म्हणून समजा. १९५० च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट लागलेली बाजरी खाऊन विषबाधेची साथ आली. १९५८ मध्ये ती वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. १९७५ मध्ये राजस्थानात तसंच घडलं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी गावांत जाऊन तिचा अभ्यास केला. लोकांना मळमळ, पुन्हा पुन्हा उलट्या, चक्कर आणि गुंगीसारखी झोप येत होती.

बोटं मात्र कुणाची काळी पडली नाहीत. बाजरीच्या अरगटमधली रसायनं रायच्या अरगटपेक्षा वेगळ्या गटातली आहेत. ती रक्तवाहिन्या तेवढ्या आवळत नाहीत. त्यांचा जोर पोटावर आणि मेंदूवर. बहुतेकांना एक-दोन दिवसांत उतार पडतो. म्हणून इथे घाबरवण्याचा हेतू नाही. पण निरुपद्रवी म्हणूनही सोडता येत नाही. आजच्या झिंबाब्वेमध्ये १९५० च्या दशकात बाजरीचं अरगट खाल्लेल्या डुकरिणींचं दूध आटलं आणि पिल्लं उपाशी मेली. दोदारची नोंद आठवली ना? गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तरी अशी बाजरी अजिबात खाऊ नये, असं मी सांगतो.

ओळखायचं कसं? बाजरीचा दाणा राखाडी-हिरवट, गुळगुळीत असतो. त्यात काळपट-तपकिरी, वेडेवाकडे, बहुधा दाण्यापेक्षा लांबट तुकडे दिसले तर संशय घ्या. कायद्यानं धान्यात अरगटचं प्रमाण वजनाच्या ०.०५ टक्क्याहून जास्त चालत नाही. किलोला अर्धा ग्रॅम, म्हणजे चिमूटभर. बाजारातल्या साफ केलेल्या बाजरीत सहसा काही निघत नाही. काळजी घ्यायची ती ओल्या हंगामानंतर थेट खळ्यावरून घरी आलेल्या बाजरीची. सुपात पाखडून, निवडून बरंच काम होतं. त्याहून खात्रीचा उपाय कृषी विद्यापीठं बियाण्यासाठी सांगतात तोच. दहा लीटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचं आणि बाजरी त्यात ओतायची. बुरशीचे तुकडे हलके, ते तरंगतात. दाणा तळाशी बसतो. वरचं काढून जाळून किंवा पुरून टाकायचं, जनावरांपुढे किंवा कोंबड्यांपुढे टाकायचं नाही. तळाची बाजरी दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन खडखडीत वाळवायची. नुसत्या साध्या पाण्यात हे जमत नाही, मीठ हवंच. आणि पेरणीसाठी औषध चोळलेलं बियाणं उरलं म्हणून कधीही दळू नका, ते धुतलं तरी.

बाजरीची भाकरी खाल्ल्यावर घरातल्या तीन-चार जणांना एकदमच उलट्या आणि गुंगी सुरू झाली तर ती बाजरी खाणं थांबवा, मीठ-साखरेचं पाणी सुरू करा आणि दवाखान्यात जाताना मूठभर धान्य आणि पीठ पुडीत बांधून न्या. डॉक्टरला त्या पुडीचा फार उपयोग होतो. भाकरी भाजल्यानं विष जातं यावर विसंबू नका.

आता त्या इंजेक्शनकडे. ज्या बुरशीनं हात-पाय झडले तिचा उपयोग होऊ शकतो हे आधी कुणाला कळलं? अकादमीला नाही, सुइणींना. १५८२ मध्ये जर्मन वैद्य आडाम लोनित्सर यांनी आपल्या वनस्पतिकोशात लिहून ठेवलं की बायका कळा येण्यासाठी या नख्या वापरतात. पुढे १८०८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन स्टर्न्स या डॉक्टरनं ही पूड वैद्यकात आणली. अडलेली बाई हिच्यानं झटपट मोकळी होते, डॉक्टरचा रात्रभर खोळंबा होत नाही, अशी त्यांची शिफारस होती. डॉक्टरांनी ती आनंदानं उचलली.

किंमत बाळांनी मोजली. नेहमीच्या कळांमध्ये पिशवी आवळते आणि सैल पडते. सैल पडते तेव्हा बाळाला रक्त मिळतं. अरगटनं ती आवळली की सुटतच नाही. बाळ आत गुदमरे, कधी पिशवीच फाटे. १८२० च्या दशकात न्यूयॉर्कच्याच डेव्हिड होसॅक यांनी मेलेल्या बाळांचा हिशेब मांडला आणि ही प्रसूतीची नव्हे, मरणाची पूड आहे असं बजावलं. पण त्यांनी ती फेकून दिली नाही. बाळ बाहेर आल्यानंतर, रक्त थांबवण्यासाठी तेवढी वापरा, म्हणाले. पिशवी न सुटता आवळून राहणं, हा दोष बाळ आत असताना जीवघेणा. तेच बाळ बाहेर आल्यावर नेमकं हवं असतं. होसॅकचा हा नियम आजही आम्ही तंतोतंत पाळतो.

अडचण मात्र उरली. पुडीत विषाचा अंश किती हे कुणालाच ठाऊक नसे. रसायनशास्त्रज्ञांनी एकेक द्रव्य वेगळं काढलं. त्यात १९१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या आर्थर श्टोल यांनी काढलेलं अर्गोटामिन महत्त्वाचं. पण पिशवीवर झटपट काम करणारं द्रव्य सापडत नव्हतं. १९३२ मध्ये लंडनचे जॉन चासर मॉयर बाळंतिणींच्या गर्भाशयाचा दाब मोजून ही द्रव्यं तपासत होते. शुद्ध द्रव्यं सावकाश काम करत. मग त्यांनी जुन्या पद्धतीचा पाण्यातला अर्क देऊन पाहिला. शास्त्रानुसार त्यात काहीच कस नसायला हवा होता. पिशवी काही मिनिटांत जोरात आवळली. सुइणींचा काढा खरा निघाला. पाण्यात विरघळणारं ते अज्ञात द्रव्य मॉयर आणि रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड डडली यांनी १९३५ मध्ये वेगळं काढलं. ते अर्गोमेट्रीन. आपलं मेथर्जिन हे त्याचंच थोडं बदललेलं भावंडं.

जगात दरवर्षी अंदाजे एक कोटी चाळीस लाख स्त्रियांना बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव होतो आणि सुमारे सत्तर हजार जणी त्यात दगावतात. आज पहिली पसंती ऑक्सिटोसिनला आहे, त्याचे धोके कमी. तेवढ्यानं भागलं नाही की हे दुसरं हत्यार निघतं. रक्तदाब वाढलेल्या बाळंतिणीला मात्र ते देत नाहीत, कारण ते तिच्याही रक्तवाहिन्या आवळतं. म्हणून टोचण्याआधी आम्ही रक्तदाब पाहतो. आणि ते थंड, अंधाऱ्या जागी ठेवावं लागतं. म्हणून लेबर रूमच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या ठेवून ते सारखं उघडलं की मी ओरडतो.

याच बुरशीच्या रसायनांवर काम करताना आल्बर्ट होफमान यांनी १९३८ मध्ये एलएसडी बनवलं आणि १९४३ मध्ये त्याचा चुकून स्वतःवरच प्रयोग झाला, ती गोष्ट प्रसिद्ध आहे, मी पुन्हा सांगत नाही. दूध आटण्याच्या त्या जुन्या नोंदीचाही पुढे औषध म्हणून उपयोग झाला. दूध बंद करण्यासाठी आणि प्रोलॅक्टिन वाढलं तर दिलं जाणारं ब्रोमोक्रिप्टीन याच घराण्यातलं.

आणि तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात बहुधा असेल ते अर्गोटामिन. अर्धशिशीच्या काही गोळ्यांमध्ये ते कॅफीनबरोबर असतं. डोक्यातल्या ताणलेल्या रक्तवाहिन्या आवळून ते ठणका कमी करतं. ठरलेल्या मात्रेत चालतं. यकृत ते वेगानं मोडून टाकतं म्हणून चालतं. पण काही औषधं यकृताचं तेच काम अडवून धरतात. घसा-खोकल्यासाठी दिली जाणारी क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन, एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाव्हिर, आणि नायटा-गजकर्णासाठी हल्ली सर्रास मिळणारं इट्राकोनॅझोल. ही शेवटची गोळी बुरशी मारण्यासाठी घ्यायची, आणि तीच दुसऱ्या बुरशीचं विष अंगात साठवते. अर्गोटामिनची नेहमीचीच मात्रा मग कित्येक पटींनी चढते आणि दहाव्या शतकातला रोग एकविसाव्या शतकात अवतरतो. बोटं गार, निळी, बधिर, आतून आग.

तेव्हा अर्धशिशीची गोळी घेत असाल तर पाकिटावर 'अर्गोटामिन' लिहिलंय का ते आज पाहा. असेल, तर त्वचेच्या, घशाच्या, कुठल्याही डॉक्टरकडे जाताना ते पाकीट सोबत न्या, आणि त्यांनी विचारलं नाही तरी दाखवा. गरोदर असाल, हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा त्रास असेल, तर ती गोळी तुमच्यासाठी नाहीच. आणि ती घेतल्यावर हातापायांना मुंग्या येऊन बोटं गार पडू लागली, तर शेक देत बसू नका. पुढची गोळी न घेता तडक मोठ्या रुग्णालयात जा.